लेसरचा हलता आरसा आणि आपली कार्यशाळा

१९६० सालच्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातील मालिबू येथे थिओडोर मेमन यांनी कृत्रिम माणकाच्या एका लहानशा कांडीतून जगातला पहिला लेसरकिरण काढला, आणि त्यानंतरच्या सहा दशकांत या विद्येने शस्त्रक्रियागृहापासून छापखान्यापर्यंत व समुद्रतळावरील तारांपासून अवकाशयानांपर्यंत जो संचार केला त्याचे कौतुक करावे तितके थोडेच आहे. परंतु या वैभवाच्या मुळाशी एक उणीव दीर्घकाळ राहून गेली होती आणि तिची जाणीव सामान्य वाचकाला क्वचितच असते. मेमन यांच्या माणकाने ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीचा गर्द तांबडा प्रकाश दिला, आणि त्याला तेवढाच देता येत होता. माणकातील क्रोमियमच्या अणूंनी जो वर्ण नेमून दिला त्यात फारसा फेरफार करण्याची मुभा यंत्र चालविणाऱ्यास नव्हती. तंबोऱ्याच्या तारेवरचा मणी केसभर सरकवून गवई आपला स्वर नेमका जुळवून घेतो; तशी कोणतीही सोय त्या पहिल्या लेसरला नव्हती, आणि ज्या कामांसाठी लेसरची खरी गरज होती त्यांतील पुष्कळशी कामे या सोयीवाचून अडून बसली होती.

ती कामे कोणती, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. प्रत्येक वायू प्रकाशाच्या काही ठरावीक तरंगलांब्यांच शोषतो. ऑक्सिजनची अशी एक रेषासंहती ७६० नॅनोमीटरच्या आसपास आहे, मिथेनची १,६५० नॅनोमीटरच्या आसपास; आणि या रेषा इतक्या अरुंद असतात की किरण त्यांच्या किंचित अलीकडे वा पलीकडे पडला तर वायू समोर असूनही त्याचा सुगावा लागत नाही. लेसरची तरंगलांबी हळूहळू सरकवीत त्या रेषेवरून नेता आली, तर मात्र हवेत एखादा वायू अत्यल्प प्रमाणात मिसळलेला असला तरी तो पकडता येतो.

या कामी ज्यांनी आरंभीच मोठी मजल मारली त्यांत महाराष्ट्राशी निकटचा संबंध असलेले एक नाव आहे, आणि ते आपल्याकडे जितके घेतले जावे तितके घेतले जात नाही याची मला खंत वाटते. बारामती येथे १९३८ साली जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेलेले चंद्रकुमार नारणभाई पटेल हे बेल प्रयोगशाळेत केलेल्या कार्बन डायऑक्साइड लेसरच्या शोधासाठी विख्यात आहेत. पोलाद कापणाऱ्या आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या असंख्य यंत्रांना त्याच शोधाने जन्म दिला. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचे १९७० च्या सुमाराचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. इंडियम अँटिमोनाइडचा एक स्फटिक अतिशय थंड करून प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवावा, त्यात लेसरचा किरण सोडावा, आणि चुंबकीय क्षेत्र कमीअधिक करीत बाहेर पडणाऱ्या किरणाची तरंगलांबी हवी तशी सरकवावी, ही पद्धत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केली. तिच्या साहाय्याने त्यांनी हवेतील नायट्रिक ऑक्साइड मोजला, आणि पुढे हेच उपकरण फुग्याबरोबर वातावरणाच्या वरच्या थरात पाठवून तिथेही त्या वायूचे प्रमाण नोंदविले. ओझोनचा थर या वायूमुळे क्षीण होतो की काय, याची चिंता जगाला तेव्हा नुकतीच लागली होती, आणि त्या वादात हे मोजमाप हाती असणे ही लहान गोष्ट नव्हती.

अडचण होती ती सरंजामाची. अतिशीत स्फटिक, चुंबक आणि त्यांना चालविणारा दुसरा लेसर एवढा लवाजमा एखाद्या कारखान्याच्या धुराड्यापाशी किंवा नेत्रवैद्याच्या टेबलावर ठेवणे शक्य नव्हते. १९६२ साली अमेरिकेत रॉबर्ट हॉल यांनी आणि लगोलग इतरांनी अर्धवाहक स्फटिकातून लेसर साधला, तेव्हा वाळूच्या कणाएवढा लेसर हाती आला. परंतु त्याचा स्वर बदलायचा म्हणजे स्फटिक तापवावा लागे किंवा त्यातील प्रवाह वाढवावा लागे. तापविण्याची क्रिया मंद असते, तिने मिळणारी सरक थोडी असते, आणि सरकता सरकता तरंगलांबी मधल्या पायऱ्या गाळून एकदम उडी मारते.

या कोंडीतून वाट निघाली ती आरशांच्या मार्गाने. टोकियो तंत्रविज्ञान संस्थेतील केनिची इगा यांनी १९७७ साली अशी कल्पना मांडली की, अर्धवाहकाच्या चकतीत प्रकाश आडवा न धावविता उभा धावू द्यावा, त्याच्या खाली एक आणि वर एक असे दोन आरसे बसवावेत, आणि किरण चकतीच्या पृष्ठभागातून सरळ वर निघावा. या रचनेत दोन आरशांमधील अंतर इतके तोकडे असते की तिथे प्रकाशाच्या एकाच तरंगलांबीला जागा मिळते. मग वरचा आरसा खाली वा वर हलविता आला तर ती तरंगलांबीही त्याच्याबरोबर, उडी न मारता, अखंड सरकेल हे ओघानेच आले. १९९० च्या दशकाच्या मध्यास कॉनी चँग-हसनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट प्रत्यक्षात आणली. त्यांनी वरचा आरसा एका बारीक तुळईच्या टोकाशी अधांतरी ठेवला, त्याच्याखाली हवेची पोकळी सोडली, आणि आरसा व खालचा थर यांच्यामध्ये विद्युत्दाब दिला. विरुद्ध विद्युत्भार एकमेकांस ओढतात, त्यामुळे तुळई वाकते, आरसा किंचित खाली येतो, आणि पोकळी आखूड झाल्याने प्रकाशाची तरंगलांबीही कमी होते. दाब काढून घेतला की तुळई आपल्या ताठपणाने पूर्ववत् होते. यात काही घासत नाही, काही झिजत नाही, आणि आरसा जागच्या जागी धरून ठेवण्यास वीज जवळजवळ लागतच नाही.

मात्र या साधेपणाच्या पोटात एक धोका आहे. तुळईचा विरोध ती जितकी वाकेल त्या प्रमाणात वाढतो. विद्युत् आकर्षण मात्र अंतर घटत गेले की त्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढत जाते. त्यामुळे आरसा मूळच्या पोकळीच्या सुमारे एकतृतीयांश खाली आला की तोल सुटतो, आकर्षणाचा जय होतो, आणि आरसा झपकन खाली आदळून चिकटतो. हे उपकरण बनविणाऱ्यांना म्हणून पोकळी किती ठेवावी, तुळई किती लांब व किती जाड असावी आणि दाब किती चढवावा, याचा हिशेब स्थापत्यविशारदाच्या दक्षतेने करावा लागतो. प्रकाशाच्या या विद्येत बलविज्ञानाचा अभ्यास इतका अपरिहार्य ठरावा, ही माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट आहे, आणि पुढे मी ज्या निष्कर्षाकडे जाणार आहे त्याचे बीजही तिच्यातच आहे.

दुसरी अडचण वजनाची होती. लेसरला लागणारा आरसा साध्या काचेसारखा असून भागत नाही. त्याने पडलेल्या प्रकाशाचा काही सहस्रांशांहून अधिक भाग गमावता कामा नये. असा आरसा पूर्वी दोन पदार्थांचे थर आलटून पालटून, कधी वीस तर कधी तीस-चाळीस जोड्या, एकावर एक चढवून करीत. तो काही मायक्रोमीटर जाड होई, आणि जड वस्तू जलद हलत नाही या निसर्गाच्या नियमास नॅनोमीटरच्या जगातही अपवाद नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्रयोगशाळेत चँग-हसनेन यांच्या चमूने यावर जो उपाय काढला तो मला विलक्षण सुंदर वाटतो. थरांची ती सारी चवड काढून टाकून त्यांनी तिच्या जागी एकाच थराची जाळी बसविली. प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही कमी अंतरावर ओळीने मांडलेल्या पट्ट्या, आणि त्यांच्या भोवताली केवळ हवा. जाळीची जाडी सुमारे २३० नॅनोमीटर. पट्टीचा पदार्थ आणि हवा यांच्या प्रकाशीय गुणांत एवढी तफावत असते की पट्ट्यांतून निघू पाहणाऱ्या लहरी पलीकडच्या बाजूस परस्परांना नाहीशा करतात, आणि प्रकाशाला परत फिरण्यावाचून गत्यंतर उरत नाही. २००७ साली या जाळीवर लेसर चालवून दाखविण्यात आला आणि २००८ साली तीच जाळी विद्युत्दाबाने हलविण्यात आली. तेव्हा एरवी ज्या बदलाला मिलिसेकंद लागत तो मायक्रोसेकंदाहूनही कमी काळात घडू लागला. हलक्या वस्तूस थोडक्या बलाने हलविता येते आणि ती लवकर स्थिरावते, एवढेच त्यामागचे इंगित.

ही जाळी घडते कशी, हे थोडे जवळून पाहावे असे मला वाटते, कारण या विद्येचे मर्म सूत्रांपेक्षा तिच्या करणीत अधिक आहे. चकतीवर एकेक अणूचा थर चढवीत सारी रचना आधी भरीव उभी केली जाते. इलेक्ट्रॉनांच्या बारीक शलाकेने जाळीचे आरेखन होते. मग पट्ट्या कोरल्या जातात, आणि शेवटी जाळीच्या खालचा जो थर केवळ नाहीसा होण्यासाठीच घातलेला असतो तो रसायनाने असा विरघळवितात की वरच्या-खालच्या थरांना धक्का लागू नये. इथवर सर्व सुरळीत पार पडले तरी घात होण्याचा क्षण पुढेच असतो. चकती द्रवातून काढून वाळविताना पोकळीत राहिलेला द्रवाचा थेंब आटत जातो आणि आटता आटता पृष्ठताणाने त्या नाजूक जाळीला खाली ओढून चिकटवून टाकतो. म्हणून चकती हवेत वाळवीत नाहीत. द्रवरूप कार्बन डायऑक्साइडने तिच्यातील द्रवाची जागा घेतली जाते, मग सुमारे ३१ अंश सेल्सिअस आणि वातावरणाच्या त्र्याहत्तरपट दाबाच्या पलीकडे नेऊन त्या पदार्थाची अशी अवस्था केली जाते की तिथे द्रव आणि वायू यांत भेदच राहत नाही, आणि पृष्ठताण मुळीच नसल्यामुळे जाळी अधांतरी सुखरूप राहते. कोणता विद्रावक किती वेळ ठेवावा, किती वेळा बदलावा, दाब किती सावकाश उतरवावा, हे ग्रंथात चार ओळींत लिहिलेले असते. हाताला मात्र ते महिनोन्‌महिने काम केल्यावरच वळते.

या कारागिरीचा लाभ आता दूरवर पोहोचला आहे. आरसा हलवून रंग बदलणाऱ्या लेसरांचा एक मोठा उपयोग नेत्रचिकित्सेत झाला. १९९१ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशाच्या व्यतिकरणाने दृष्टिपटलाचे थर दाखविणारी पद्धत जाहीर केली. तिच्या पुढच्या पिढीत लेसरची तरंगलांबी सेकंदाला लाखो वेळा सबंध पट्ट्यावरून फिरविली जाते आणि परत आलेल्या प्रकाशावरून डोळ्याच्या आतील खोलीचा नकाशा तयार होतो. रुग्णाने क्षणभर नजर स्थिर ठेवावी, तेवढ्यात काम आटोपते. मधुमेहाने ज्यांच्या दृष्टिपटलास इजा होते अशा लोकांची आपल्या देशातील संख्या ध्यानी घेतली, तर या वेगाचे मोल कळण्यास आणखी प्रमाणाची गरज नाही. प्रकाशतंतूंच्या दळणवळणाचीही हीच कथा आहे. एकाच तंतूतून ऐंशी-ऐंशी वेगवेगळ्या तरंगलांब्यांवर संदेश जातात, दोन लगतच्या वाहिन्यांत जेमतेम ०.४ नॅनोमीटरचे अंतर असते, आणि लेसर ठरावीक तरंगलांबीचेच असले तर प्रत्येक वाहिनीसाठी एकेक सुटा लेसर कोठारात राखून ठेवण्याची तजवीज करावी लागते. हवा तो स्वर देणारा लेसर असला की एकाच जिनसावर काम भागते.

इथवर वाचून सुज्ञ वाचक विचारील की हे सारे परदेशी झाले, आपला यात काय अधिकार. तर आपला आरंभ मुळीच उशिरा झालेला नव्हता. हॉल यांच्या लेसरला दोनच वर्षे होतात न होतात तोच तुर्भे येथील अणुशक्ती केंद्रात गॅलियम आर्सेनाइडचा लेसर बनविण्यात आला, आणि त्या लेसरच्या किरणावर तुर्भे व कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या दरम्यान मोकळ्या हवेतून संदेशवहन करून दाखविण्यात आले. मुंबईच्या आकाशातून गेलेला तो किरण जगाच्या बरोबरीचा होता. पुढे इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राने अर्धवाहक लेसरांचे काम चालविले, आणि २००६ च्या सुमारास पवईची आयआयटी व बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था येथे सरकारच्या साहाय्याने नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे निघाली. तेथील यंत्रे देशातील कोणत्याही महाविद्यालयाच्या संशोधकास वापरता यावीत असा एक उपयोजक कार्यक्रमही चालविला जातो; माझ्या मते हा आपल्या विज्ञानधोरणातील अत्यंत शहाणपणाचा निर्णय आहे.

असे असता आज सार्वजनिक चर्चा कशाची चालते? डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली, आणि तेव्हापासून सभांतून व अग्रलेखांतून ऊहापोह होतो तो बहुधा सिलिकॉनच्या अजस्र कारखान्यांचा, कोणत्या राज्यास कोणता प्रकल्प मिळाला आणि कोणत्या राज्याच्या हातून कोणता निसटला याचा. त्या प्रकल्पांची आवश्यकता मी नाकारीत नाही. परंतु त्याच योजनेत संयुग अर्धवाहक, प्रकाशीय उपकरणे आणि सूक्ष्म यांत्रिक संवेदक यांच्यासाठी स्वतंत्र कलम आहे, भांडवली खर्चाचा निम्मा भार उचलण्याची तयारी सरकारने त्यात दाखविली आहे, आणि त्या कलमाविषयी महाराष्ट्रात मला कोणी आग्रहाने बोलताना आढळत नाही. वस्तुतः आपल्यासारख्या देशाला, आणि विशेषतः मुंबई-पुण्याच्या पट्ट्याला, साजेसे क्षेत्र हेच आहे. संगणकाच्या अद्ययावत चकतीसाठी लागणारी छपाईची यंत्रे जगात एकच कंपनी बनविते आणि त्यांची किंमत राज्याच्या अंदाजपत्रकास जड जावी अशी असते. हलत्या आरशाच्या लेसरला मात्र त्यांची गरज नाही. त्याला लागते ती उत्तम प्रतीची चकती, इलेक्ट्रॉन-शलाकेचे एक यंत्र, रसायनांची स्वच्छ दालने, आणि वर वर्णिलेल्या वाळवणीसारख्या क्रिया ज्यांच्या हाती बसल्या आहेत अशी माणसे.

यावर असे म्हटले जाईल की हे लेसर बाजारात मिळतात, विकत घ्यावेत आणि पुढील कामास लागावे. ज्या वस्तूवर दुसऱ्या शंभर वस्तू उभ्या राहतात ती कायमची उसनी ठेवण्याचा परिणाम आपण एकदा भोगलेला आहे. आपल्या दिशादर्शक उपग्रहमालेतील पहिल्या उपग्रहावरची परदेशातून आणलेली तीनही रुबिडियम घड्याळे बंद पडली आणि तो उपग्रह स्थाननिश्चितीच्या कामास निरुपयोगी झाला. पुढे इस्रोने ते घड्याळ स्वतः घडविले आणि मे २०२३ मध्ये ते अवकाशात गेले. म्हणजे हे काम आपल्याला जमत नव्हते असे नाही, ते करण्याची निकड आपल्याला उशिरा वाटली. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६,००३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेतील संवेदन व मापनाचे केंद्र पवईस आहे. अणूंशी खेळणाऱ्या या संवेदकांना नेमक्या तरंगलांबीवर स्थिर राहणारे आणि हुकमी सरकणारे लेसर लागतात. ते लेसर पुन्हा बाहेरून आणून मोहीम पार पाडणे म्हणजे इमारत आपली आणि पाया भाड्याचा, असा प्रकार होईल.

मला जे सुचवायचे आहे त्यासाठी नवी मोहीम काढण्याची आवश्यकता नाही. संयुग अर्धवाहकांच्या चकत्या वाढविणारे एक सार्वजनिक केंद्र महाराष्ट्रात असावे आणि पवईच्या दालनांप्रमाणेच ते कोल्हापूरच्या, नांदेडच्या, अमरावतीच्या संशोधकांसही खुले असावे, म्हणजे आरेखन पवईस आणि चकती परदेशातून, ही विसंगती संपेल. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी पदार्थविज्ञान, विद्युत् आणि यंत्र या शाखांमधील भिंती इतपत खाली आणाव्यात की तुळईचे गणित येणारा यंत्र-अभियंता आणि प्रकाशाचे गणित येणारा पदार्थवैज्ञानिक एकाच प्रबंधावर अधिकृतपणे काम करू शकतील. आज दोन खात्यांच्या मार्गदर्शकांखाली नोंदणी करावयाची म्हटली की विद्यार्थ्याला अर्जाबरोबर किती शिफारशी व किती मंजुऱ्या जोडाव्या लागतात हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. बर्कलेस हे काम बहरले याचे एक कारण असे की सूक्ष्म यंत्रांची परंपरा तिथे आधीपासून होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस केसाच्या जाडीएवढी विद्युत् मोटार बनवून फिरविणारी मंडळी त्याच विद्यापीठातली होती.

आणि अनुदान. यंत्र खरेदीस पैसा मंजूर होतो, कारण त्याचे उद्‌घाटन करता येते. वायूंच्या टाक्या, सुटे भाग, पंपांची दुरुस्ती आणि यंत्र चालविणाऱ्यांचे वेतन या आवर्ती खर्चाच्या बाबी मात्र मुदतबंद प्रकल्पाच्या दप्तरात अडकतात, प्रकल्प संपला की तरतूदही संपते, आणि कोट्यवधींचे यंत्र एका पंपासाठी झाकून ठेवावे लागते. म्हणून अशा प्रत्येक केंद्राच्या यंत्रखरेदीबरोबरच दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम वेगळ्या खात्यात जमा झाल्याशिवाय खरेदीचा हुकूम निघू नये. जाळी चिकटू न देता चकती वाळविण्यात ज्याचा हात बसला आहे असा तंत्रज्ञ आज अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर काम करतो, आणि हाती कसब येते न येते तोच अधिक स्थिर नोकरीच्या शोधात निघून जातो. आयटीआयचे प्रमाणपत्र व पाच वर्षांचा अनुभव असलेल्या अशा माणसाला व्याख्यात्याच्या तोडीची वेतनश्रेणी आणि कायम पद देण्याची तरतूद येत्या अंदाजपत्रकात राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने करावी, आणि तिचा आरंभ शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्रयोगशाळांपासून करावा.